धन्यवाद, पण नेमके कशाबद्दल?

५ सप्टेंबर जवळ आला की शाळाशाळांतून शुभेच्छापत्रांचा हंगाम सुरू होतो. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्मदिवस १९६२ पासून आपण शिक्षकदिन म्हणून साजरा करतो, आणि मुले त्या दिवशी मोठ्या हौसेने लिहितात, रंगवतात, भाषणे पाठ करतात. आमचे राहणे कात्रजला. या भागातल्या शाळांमधून विज्ञानावर बोलायला अधूनमधून जाणे होते, आणि तेथे फलकावर टाचलेली ही पत्रे उभ्या उभ्या वाचण्याची आम्हाला खोड आहे.

पत्रे मनापासून लिहिलेली असतात यात शंका नाही. पण चौथीचे पत्र आणि नववीचे पत्र यांत फरक असतो तो अक्षराचा. मजकूर तोच. बाई प्रेमळ आहेत, सर छान शिकवतात, आईवडील माझ्यासाठी फार कष्ट करतात, मी मोठा होऊन त्यांचे नाव काढीन. यात खोटे काहीच नाही. तरीही पत्र वाचून झाल्यावर काही प्रश्न उरतात. बाईंनी काय शिकवले? त्यातले काय समजले? आईने केलेल्या कष्टांतून या मुलाला नेमके काय मिळाले? वर्षभरात दोनशेच्या आसपास तास घेतलेल्या बाईंना त्यांतला कोणता तास कुणाच्या मनात उतरला हे या पत्रातून कधीच कळत नाही. गुलाबाचे फूल मिळते, पण माहिती मिळत नाही.

आमच्या धंद्यात, म्हणजे संशोधनात, आभार मानण्याची एक रीत आहे. शोधनिबंधाच्या शेवटी ‘ऋणनिर्देश’ नावाचा छोटा परिच्छेद असतो. अमुक नमुने यांनी दिले, तमुक मोजमापासाठी यांचे उपकरण वापरले, या मुद्द्यावरील चर्चेबद्दल यांचे आभार, अशी त्याची भाषा. तिच्यात विशेषणे कमी आणि नामे जास्त असतात. आइन्स्टाइनने १९०५ साली सापेक्षतेवरचा निबंध लिहिला तेव्हा त्यात एकाही ग्रंथाचा वा निबंधाचा संदर्भ दिला नाही. मात्र अखेरीस पेटंट कचेरीतल्या एका सहकाऱ्याचे, मिशेल बेसोचे, आभार मानले. बेसो काही मोठा संशोधक नव्हता. तो ऐकत असे आणि शंका विचारीत असे. तेवढ्यासाठी विज्ञानाच्या इतिहासात त्याचे नाव कायम राहिले.

ऋणनिर्देश गुळमुळीत झाला तर काय होते, त्याचेही उदाहरण प्रसिद्ध आहे. एप्रिल १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएच्या रचनेवरचा निबंध छापला. जेमतेम एका पानाचा मजकूर. विल्किन्स, रोझलिंड फ्रँकलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अप्रकाशित निष्कर्षांच्या सर्वसाधारण स्वरूपाची माहिती असल्याने आपल्याला चालना मिळाली, अशा अर्थाचे एक वाक्य त्यात होते. प्रत्यक्षात १९५२ मध्ये फ्रँकलिनच्या देखरेखीखाली तिचा विद्यार्थी रेमंड गॉसलिंग याने घेतलेले क्ष-किरणांचे छायाचित्र वॉटसनला दाखवण्यात आले होते, आणि हे तिला ठाऊक नव्हते. तिची मोजमापेही या दोघांच्या हाती एका अहवालातून पोचली होती. फ्रँकलिन १९५८ मध्ये वारली. नोबेल पारितोषिक इतरांना १९६२ मध्ये मिळाले. त्या छायाचित्राचे आणि त्या मोजमापांचे वजन किती होते यावर इतिहासकार आजही वाद घालतात. ‘सर्वसाधारण स्वरूप’ या दोन शब्दांऐवजी कोणी काय दिले हे लिहिले असते, तर हा वाद इतका चाललाच नसता. आभार मोघम असले की देणाऱ्याचा वाटा पुसला जातो, मग मनात वाईट हेतू असो वा नसो.

शाळेतल्या ऋणाचा स्पष्ट निर्देश करणाऱ्या शास्त्रज्ञांमध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांचे नाव आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. जन्म १९४३ चा, गोव्यातल्या माशेलचा. वडील लहानपणीच गेले, आईने मुंबईत पडेल ते काम करून वाढवले. माध्यमिक शाळेत प्रवेश घेण्यासाठी लागणारे एकवीस रुपये उभे करणेही त्या घराला जड गेले होते. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले, १९९५ ते २००६ या काळात वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. त्यांनी व्याख्यानांतून वारंवार सांगितलेली आठवण मात्र एका तासाची आहे. युनियन हायस्कूलमधले भावे सर मुलांना उन्हात घेऊन गेले, बहिर्गोल भिंगाने सूर्यकिरण कागदावर एकवटले, कागद जळाला, आणि सरांनी छोट्या माशेलकरांना सांगितले की तुझी शक्ती अशी एकवटलीस तर तुला काहीही साध्य होईल. यात शिक्षकाचे नाव आहे, वस्तू आहे, कृती आहे आणि त्यातून काय मिळाले तेही आहे. उत्तम ऋणनिर्देश!

हा प्रयोग बहुतेक शिक्षकांनी कधी ना कधी केलेला असतो आणि कागद जळाला की तो संपतो. आमच्या मते खरी मौज तेथून पुढे आहे, म्हणून थोडे आकडे मांडून पाहू. निरभ्र दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट इतकी सौर ऊर्जा पडते. पाच सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाचे क्षेत्रफळ वीस चौरस सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे त्यावर पडणारी ऊर्जा फक्त दोन वॅट. एवढ्याशा ऊर्जेत कागद कसा पेटावा? भिंग ऊर्जा वाढवत नाही, उलट थोडी परावर्तनात वाया घालवते. ते करते एवढेच की तिला लहान जागेत आणते. ती जागा बिंदू नसते, हे मुलांना आवर्जून सांगावे. कागदावर दिसणारा तो झगझगीत ठिपका म्हणजे सूर्याची प्रतिमा. सूर्य आपल्याला सुमारे अर्ध्या अंशाएवढा दिसतो, आणि म्हणून प्रतिमेचा व्यास हा भिंगाच्या नाभीय अंतराचा सुमारे १०७ वा भाग असतो. नाभीय अंतर पंधरा सेंटिमीटर असेल तर ठिपका १.४ मिलिमीटरचा. पाच सेंटिमीटरचे वर्तुळ १.४ मिलिमीटरच्या वर्तुळात आले, म्हणजे तीव्रता बाराशे पटींहून अधिक वाढली. कागद पेटण्यासाठी साधारण २३० अंश सेल्सिअस तापमान लागते. छापील काळ्या अक्षरावर ठिपका धरला तर ते चटकन गाठले जाते, कोऱ्या पांढऱ्या भागावर वेळ लागतो. कारण मुलांनाच विचारावे.

आता भिंगाऐवजी घरातल्या आजोबांची चाळिशी आणायला सांगा. (ती आमच्याही नाकावर नुकतीच आली आहे.) अधिक एक नंबरच्या काचेचे नाभीय अंतर एक मीटर असते. ती उन्हात धरून मीटरभर अंतरावरच्या कागदावर प्रतिमा घेतली तर साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास व्यासाचे छान गोल वर्तुळ मिळते. कागद मात्र जळत नाही. काच चार सेंटिमीटरची धरली तर ऊर्जा सव्वा वॅट, म्हणजे भिंगाच्या निम्म्याहून जास्त. पण ती मोठ्या वर्तुळात पसरल्याने तीव्रता जेमतेम अठरा पट वाढते. भावे सरांच्या भिंगाने जे साधले ते आजोबांच्या चष्म्याने साधत नाही. पण चष्म्याने दुसरे एक काम होते जे लहान भिंगाने नीट होत नाही. प्रतिमा मोठी असल्याने ती साध्या मोजपट्टीने मोजता येते. प्रतिमेचा व्यास भागिले नाभीय अंतर हे गुणोत्तर, आणि सूर्याचा व्यास भागिले त्याचे आपल्यापासूनचे अंतर हे गुणोत्तर, दोन्ही सारखीच. अंतर पंधरा कोटी किलोमीटर. गुणाकार केला की सूर्याचा व्यास चौदा लक्ष किलोमीटरच्या जवळपास येतो. शाळेच्या पटांगणात, आजोबांच्या चष्म्याने! मात्र भिंगातून किंवा चष्म्यातून सूर्याकडे कोणीही, क्षणभरही, पाहायचे नाही, आणि भिंग वापरताना पाण्याची बादली शेजारी हवी, एवढी काळजी शिक्षकांनी घ्यावीच.

असा तास झाला तर त्या मुलाच्या पत्रात लिहिण्याजोगे काहीतरी येते, आणि त्यात घरही येते. हा दुसरा मुद्दा आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो.

घराच्या ऋणाचे प्रसिद्ध उदाहरण डॉ. जयंत नारळीकरांचे. वडील बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. घरात भिंतीवर फळे होते. मामा मोरेश्वर हुजूरबाजार शिकण्यासाठी त्यांच्या घरी राहायला आले तेव्हा ते फळ्यावर भाच्यासाठी आव्हान म्हणून एखादे गणित लिहून ठेवीत, आणि भाचा ते सोडवेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत ते तसेच राही. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रात नारळीकरांनी हे लिहिले आहे. मामाने शिकवले असे ते म्हणत नाहीत, हे लक्षात घ्यावे. मामाने गणित लिहिले आणि उत्तर लिहिले नाही.

असे मामा आणि अशा भिंती किती मुलांच्या वाट्याला येतात? कात्रजच्या शाळांतली बरीच मुले कामधंद्यासाठी सातारा, सोलापूर, मराठवाड्याकडून आलेल्या घरांतली. कोणाचे वडील ट्रक चालवतात, कोणाची आई चार घरची कामे करते, कोणी नळजोडणी करतो. पालकसभेत हे पालक मागच्या रांगेत बसतात आणि विचारले तर म्हणतात, “आम्हाला काय कळतंय त्यातलं, तुम्हीच बघा.” मुलेही ते ऐकतात. त्यांच्या पत्रात मग आईवडील फक्त कष्ट करतात. त्यांना काही येते, असे त्या पत्रात कुठेच नसते.

ट्रक चालवणाऱ्या वडिलांचेच घ्या. घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा नियम प्रत्येक जुन्या चालकाला तोंडपाठ असतो. नववी-दहावीच्या पुस्तकातली स्थितिज ऊर्जा ती हीच. सोळा टनांचा भरलेला ट्रक समजा दोनशे मीटर उंची उतरला. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची केले की तीन कोटींहून अधिक ज्यूल येतात. गाडीचा वेग वाढू द्यायचा नसेल तर ही सगळी ऊर्जा कुठेतरी गेली पाहिजे, आणि उष्णतेखेरीज तिला दुसरी वाट नाही. खोलीच्या तापमानाचे नव्वद लिटर पाणी, म्हणजे सहा मोठ्या बादल्या, उकळीला आणायला पुरेल एवढी ही उष्णता. ती सारी ब्रेकच्या ड्रमांत ओतली तर ते तापतात, अस्तरांची पकड सुटते, आणि पाय दाबूनही गाडी थांबत नाही. खालच्या गिअरमध्ये असताना चाकांना इंजिन फिरवावे लागते. त्यातली हवा दाबण्यात आणि घर्षणात ऊर्जा खर्ची पडते, आणि उष्णता धुराड्यावाटे व रेडिएटरवाटे बाहेर जाते. ब्रेक शेवटच्या क्षणासाठी थंड राहतात. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकणारा चालक हा मदतनीसच काढून टाकत असतो.

कात्रजकरांना हे पुस्तकी वाटणार नाही. नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा महामार्गाचा उतार किती जीव घेतो हे आपण सारे जाणतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तेथे एका ट्रकने चाळीसहून अधिक वाहनांचा चुराडा केला, तेव्हाही गाडी न्यूट्रलमध्ये उतरत होती असेच सांगण्यात आले. तो नियम पाळून वर्षानुवर्षे घाट उतरणाऱ्या माणसाला ऊर्जेच्या अक्षय्यतेतले काही कळत नाही, असे कोणी म्हणावे? शब्द त्याच्याकडे नाहीत, ते पुस्तकात आहेत. पुस्तकाजवळ घाट नाही, तो त्याच्याकडे आहे. मुलगा दोघांच्या मध्ये उभा आहे, आणि हे दोन्ही एकच आहे हे त्याला कोणीतरी दाखवायला हवे.

पाण्याचेही तसेच. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून, तेथले पाणी जमिनीखालच्या दगडीविटांच्या बंदिस्त नळातून काही मैल दूर पुण्यातल्या हौदांपर्यंत नेले. पंप नाही, वीज नाही. तलाव उंचावर आणि शहर सखल, एवढेच भांडवल. वाटेत हवा कोंडून प्रवाह अडू नये म्हणून जागोजागी उच्छ्वास ठेवलेले. पेठेत लहानपण गेलेल्या आजीला हौदावरचे पाणी आठवत असेल, आणि टँकरच्या पिंपातून नळीने पाणी ओढून घेताना आधी नळी पूर्ण भरून घ्यावी लागते, हे तर या भागातल्या कुठल्याही आईला ठाऊक असते. दाबाचा धडा शिकवण्याआधी मुलांना घरी हे विचारून यायला सांगितले तर धडा अर्धा शिकवून झालेला असेल.

तेव्हा शिक्षकमित्रांना आमची एक सूचना आहे. या वर्षी शुभेच्छापत्रे जरूर होऊ द्या, पण त्याच आठवड्यात एक तास ऋणनिर्देशासाठी ठेवा. मुलांना शोधनिबंधातल्यासारखा पाच-सात ओळींचा परिच्छेद लिहायला सांगा. वर्षभरातली समजलेली एकच गोष्ट निवडायची. आधी आपल्याला काय वाटत होते, मग काय कळले, आणि त्यात कोणी काय दिले हे नावानिशी लिहायचे. ‘प्रेमळ’, ‘महान’, ‘थोर’ या शब्दांना त्या तासापुरती रजा. वर्गमित्राचे नाव आले तरी चालेल. पुष्कळदा गणित सरांपेक्षा शेजारच्या बाकावरच्या मुलीने समजावलेले असते.

नमुना म्हणून आम्हीच एक रचून पाहिला: “उतारावर गाडी आपोआप चालते म्हणजे ऊर्जा फुकट मिळते, असे मला वाटत होते. चढताना दिलेलीच ऊर्जा उतरताना परत मिळते, हे बाईंनी आकडे मांडून दाखवले. गिअर आणि ब्रेकचे बाबांनी सांगितले. त्यांच्या गाडीचा तापलेला ड्रम मी लांबून पाहिला, त्यावर पाणी टाकल्यावर वाफ झाली. ज्यूलचे कॅलरीत रूपांतर करताना मी अडलो होतो, ते ताईने करून दिले. चढताना दिलेली ऊर्जा उतरताना साठवून का ठेवता येत नाही, हे मला अजून कळलेले नाही.”

शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम घातले आहे. (विजेवर चालणाऱ्या गाड्या त्यातली काही ऊर्जा खरोखरच बॅटरीत परत भरतात, तेव्हा प्रश्न चांगलाच आहे.) डॉ. नारळीकरांकडे मुले स्वाक्षरी मागायला येत, तेव्हा ते वहीवर स्वाक्षरी देण्याऐवजी सांगत की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर आणि स्वाक्षरी दोन्ही मिळेल. मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हा अशी जपून ठेवलेली कितीतरी कार्डे लोकांच्या आठवणींतून वर आली. ज्याच्याविषयी आदर वाटतो त्याला प्रश्न विचारावा, ही रीत त्यांनी मुलांना लावली.

काही पथ्ये मात्र पाळावी लागतील. या लिखाणाला गुण देऊ नयेत. गुण आले की तीच ठरीव वाक्ये नव्या रूपात येतील. घरच्यांविषयी लिहिण्याची सक्ती नको, कारण वर्गात एखादे मूल असे असते ज्याच्या घरी लिहिण्याजोगे काही नाही, किंवा घरच नाही. त्याला दुकानदार, रखवालदार, ग्रंथपाल यांपैकी कोणीही चालेल. आणि पहिल्या वर्षी अर्ध्या वर्गाच्या कागदावर काहीच उतरणार नाही, याची तयारी ठेवावी. आपल्याला काय समजले हे ओळखणे मोठ्यांनाही अवघड जाते. ते कोरे कागद फेकून देऊ नयेत, कारण आपला कोणता धडा पुन्हा घ्यायला हवा हे त्यांवरूनच कळेल.

लिहिलेले कागद मात्र फलकावर टाचून थांबू नका. ज्याचे नाव त्यात आहे त्याच्याकडे ते पोचू द्या. पुढच्या पालकसभेत मागच्या रांगेत बसलेल्या त्या ट्रकचालकाला त्याच्या मुलाचा परिच्छेद वाचून दाखवा, आणि मग घाटात गिअर केव्हा बदलायचा हे वर्गाला सांगण्यासाठी कधी येता, ते विचारा.